किल्ली देणारे शासन, पत्ता मागणारे शासन

घर बदलले की पत्ता बदलून घ्यावा, ही गोष्ट इतकी उघड मानली जाते की तिच्यात विचार करण्यासारखे काही असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. आधार, मतदार यादी, शिधापत्रिका, बँक, वाहन, गॅस, विमा अशी यादी करावी, एकेक अर्ज निकालात काढावा आणि मोकळे व्हावे. जो हे करत नाही तो आळशी, आणि आता बहुतेक कामे मोबाइलवर होत असल्याने त्याच्या आळसाला सबबही उरलेली नाही, असे सर्वसाधारण मत आहे. हे मत वरवरचे आहे. पत्त्याच्या एका ओळीत परस्परांहून भिन्न अशी तीन कामे कोंबली गेली आहेत: माणसापर्यंत पोहोचणे, त्याला कोणत्या हद्दीत धरायचे हे ठरवणे आणि त्याच्या खरेपणाची हमी घेणे. या तिन्ही कामांसाठी एकच पुरावा, तोही पुन्हा पुन्हा, घर बदलणाऱ्याकडूनच मागितला जातो. त्यामुळे जुना पत्ता तसाच राहू देणे हा अनेकदा आळस नसून व्यवस्थेला दिलेला शहाणा प्रतिसाद असतो, आणि दोष शोधायचा असेल तर तो आधी रचनेत शोधावा लागतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. सोलापूर: शहर ते कुंभारी

या प्रतिपादनाची कसोटी पाहण्यासाठी सोलापूरइतके उपयोगी उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल. येथील विडी आणि यंत्रमाग कामगार पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या पूर्व भागातील पेठांत, दाटीच्या खोल्यांत, बहुधा भाड्याने राहत आले. त्यांच्या संघटित मागणीतून अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे, दक्षिण सोलापूर तालुक्यात, आधी गोदुताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले. त्याच परिसरात पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आखला गेला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातील १५,००० घरांचा ताबा दिला. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दोन्ही वसाहतींची चर्चा झाली ती घरांच्या संख्येच्या, अनुदानाच्या आणि श्रेयाच्या अंगाने. पत्त्याच्या अंगाने ती फारशी झाली नाही.

वस्तुतः पत्त्याचा प्रश्न येथे सर्वांत तीव्र आहे. साखर पेठेतून किंवा भद्रावती पेठेतून कुंभारीला गेलेले कुटुंब फार दूर गेलेले नसते. जिल्हा तोच, लोकसभा मतदारसंघ तोच, वाहनाच्या पाटीवरील एमएच १३ तेच. मात्र ते महानगरपालिकेच्या हद्दीतून ग्रामपंचायतीच्या हद्दीत गेलेले असते, आणि शासनाच्या लेखी हे अंतर मोठे आहे. मिळकत कराच्या जागी घरपट्टी येते, नगरसेवकाच्या जागी ग्रामपंचायत सदस्य, अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या जागी तहसीलदाराचा पुरवठा विभाग. ज्या योजनेतून हे घर मिळाले ती शहरी आवास योजना होती, म्हणजे शहरवासी म्हणून पात्र ठरलेला माणूस घराचा ताबा घेताच कागदोपत्री गावकरी होतो.

२. एका ओळीतील तीन कामे

पहिले काम पोहोचण्याचे. टपाल, पार्सल, नोटीस, रुग्णवाहिका यांना माणूस सापडला पाहिजे, एवढीच येथे अपेक्षा असते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झालेली सहा अंकी पिनकोडची पद्धत ज्यांच्या कल्पनेतून आली ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. त्यांच्यापुढचा प्रश्न निव्वळ हाच होता की अनेक भाषांत, अनेक लिप्यांत आणि एकसारख्या गावनावांनिशी लिहिलेले पत्र योग्य टपाल कार्यालयात कसे पोहोचावे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदणाऱ्या सोलापुरात या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षरांकांचा संकेतही, जो साधारण चार मीटर लांबीरुंदीचा जमिनीचा चौकोन दाखवतो, याच पहिल्या कामाची सुधारित आवृत्ती आहे. या कामासाठी पुराव्याची गरज नसते. चुकीचा पत्ता देणाऱ्याला पत्र मिळत नाही, आणि तेवढी शिक्षा पुरेशी असते.

दुसरे काम हद्दीचे. मत कोणत्या मतदारसंघात, कर कोणत्या संस्थेला, धान्याचा कोटा कोणत्या तालुक्याच्या खाती, हे ठरवताना पत्ता म्हणजे अधिकारक्षेत्र, म्हणजेच एखाद्या संस्थेची सत्ता आणि जबाबदारी जेथवर चालते तो प्रदेश, असा अर्थ होतो. येथे माणूस प्रत्यक्ष कोठे राहतो याला महत्त्व आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० यात मतदार होण्यासाठी ‘सर्वसाधारण रहिवासी’ असण्याची अट आहे, म्हणजे त्या ठिकाणी नेहमीचे वास्तव्य असले पाहिजे; आणि त्याच कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे म्हणून माणूस तेथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही.

तिसरे काम हमीचे. बँक, सिमकार्ड विकणारी कंपनी, कर्ज देणारी संस्था यांना माणूस कोठे झोपतो यात रस नसतो. उद्या हप्ता थकला तर तो हाती लागेल का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. म्हणून पत्त्याचा पुरावा येथे ओळखीचा आणि आर्थिक पतीचा पुरावा म्हणून वापरला जातो, जरी आधार कायदा, २०१६ याच्या कलम ९ नुसार आधार क्रमांक स्वतः नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही.

ही तिन्ही कामे एकाच रकान्यात भरल्याचा परिणाम असा होतो की प्रत्येक कार्यालय सर्वांत कडक कामासाठी लागणारा पुरावा सर्वांत साध्या कामासाठीही मागू लागते, आणि माणसाने एका कामासाठी केलेला बदल दुसऱ्या कामात अनपेक्षित परिणाम घडवतो.

३. हद्द ओलांडली की हक्क बदलतो

पत्ता बदलल्याने फक्त नोंद बदलते, हक्क तसाच राहतो, हे सर्वसाधारण मताचे गृहीतक आहे. शिधापत्रिकेच्या बाबतीत ते टिकत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्राने ‘प्राधान्य कुटुंब’, म्हणजे माणशी पाच किलो धान्याला पात्र कुटुंब, ठरवताना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये अशी वेगवेगळी ठेवली. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपये आहे ते पेठेत राहते तोवर निकषात बसते, आणि तेच कुटुंब, त्याच कमाईवर, कुंभारीच्या पत्त्यावर निकषाबाहेर जाते. यात इष्टांकाची, म्हणजे प्रत्येक भागाला ठरवून दिलेल्या लाभार्थी संख्येची, भर पडते. कायद्याखाली महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना धान्य देण्याची मर्यादा आहे, आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्या जनगणनेच्या वेळी रे नगर अस्तित्वातच नव्हते. शहरातून वजा झालेली नावे ग्रामीण इष्टांकात आपोआप जमा होत नाहीत. एका खात्यातून निघालेला माणूस दुसऱ्या खात्यात जागा मिळेपर्यंत मधल्या मध्ये राहू शकतो.

विडी कामगार स्त्रीच्या बाबतीत घराचा अर्थच निराळा असल्याने हा गुंता वाढतो. तिचे घर हाच तिचा कारखाना असतो. मांडीवर सूप घेऊन, भिजवलेले पान पत्र्याच्या मापाने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून ती घरी विड्या वळते, आणि तयार माल कारखान्याच्या शाखेत नेऊन मोजून देते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते आणि सदोष विड्या त्यातून वजा होतात. विडी व सिगार कामगार कायद्याने १९६६ मध्ये घरी काम करणाऱ्या अशा स्त्रियांनाही कामगार मानले आणि १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने त्यांच्या ओळखपत्रांची वाट मोकळी केली. या ओळखपत्रावरील पत्ता, माल जमा करण्याची शाखा आणि राहते घर यांची साखळी असते. अशा स्त्रीने घर बदलले म्हणजे तिने कामाची जागा बदलली, आणि ‘एवढा एक अर्ज भरून टाका’ हा सल्ला तिला देणाऱ्याने ही साखळी पाहिलेली नसते.

मताच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने येतो. महानगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी मतदार यादी तयार करत नाही; विधानसभेची यादीच प्रभागांत विभागली जाते. जुना पत्ता राहिला तर कुंभारीत राहणारा माणूस ज्या पेठेतील गटारीशी त्याचा आता संबंध नाही तिच्या नगरसेवकाला मत देतो आणि ज्या ग्रामपंचायतीच्या पाण्यावर त्याचा दिवस अवलंबून आहे तिच्या सदस्याला विचारू शकत नाही. येथे पत्ता बदलण्यातच माणसाचे हित आहे. म्हणजे धान्यासाठी जुना पत्ता सोयीचा, मतासाठी नवा आवश्यक; एकाच रकान्याने ही दोन्ही उत्तरे देणे शक्य नाही.

४. पुराव्याचे वर्तुळ

‘ऑनलाइन झाले म्हणजे सोपे झाले’ या समजुतीत रांग आणि पुरावा यांची गल्लत आहे. ऑनलाइन व्यवस्थेने रांग कमी केली, पुराव्याची मागणी कमी केली नाही. मतदार यादीतील स्थलांतरासाठी ऑगस्ट २०२२ पासून नमुना ८ भरावा लागतो. त्याच्यासोबतच्या पुराव्यांत वीज, पाणी किंवा गॅसचे किमान वर्षभराचे देयक मोजले जाते. ज्या घरात राहायला येऊन दोन महिने झाले त्या घराचे वर्षभराचे देयक असू शकत नाही. ग्रामपंचायतीच्या घर आकारणीच्या नोंदवहीलाही नमुना ८ म्हणतात, हा योगायोग सेवा केंद्राच्या खिडकीपाशी गोंधळ घालायला पुरेसा आहे.

शहरी आवास योजनेत घर कुटुंबातील स्त्रीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे करण्याची अट आहे, आणि ती न्याय्य आहे. तिचा एक परिणाम असा की वीज देयकावर ज्यांचे नाव नाही त्या वृद्ध सासऱ्याकडे, दिराकडे किंवा सज्ञान मुलाकडे स्वतःच्या नावाचा पुरावा नसतो. आधारच्या व्यवस्थेत २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने इतरांचा पत्ता बदलण्याची सोय झाली, परंतु तेथे नात्याचा पुरावा म्हणून पुढे येणारी शिधापत्रिका जुन्याच पत्त्याची असते. भाडेकरूची अवस्था याहून वाईट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही अकरा महिन्यांचा करार साध्या मुद्रांकावर उरकण्याची किंवा करारच न करण्याची रीत सर्वत्र आहे. कायदा घरमालकाने मोडायचा आणि त्याची किंमत भाडेकरूने प्रत्येक खिडकीवर मोजायची, अशी ही वाटणी आहे.

५. शासनाला हे जमते

रचना बदलता येत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला सोलापूरच्याच इतिहासातून उत्तर देता येते. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव अशी भोवतालची गावे महानगरपालिकेत आली आणि त्या भागाला आजही लोक ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात. तेथील माणूस जागेवरून हलला नाही, पण त्याचा पत्ता एका हद्दीतून दुसरीत गेला, आणि त्यासाठी घरोघरच्या माणसाला आपण कोठे राहतो हे नव्याने सिद्ध करावे लागले नाही. २००८ च्या पुनर्रचनेत सोलापूर शहर दक्षिण हा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला आणि शहर मध्य हा नवा आला. मतदारांनी अर्ज भरले नाहीत, यादीच हलली. सीमा माणसावरून सरकते तेव्हा नोंद हलवण्याचे काम शासन स्वतः करते, आणि माणूस सीमेवरून सरकतो तेव्हा तेच काम त्याच्या गळ्यात पडते. या भेदाला प्रशासकीय सवयीखेरीज दुसरा आधार दिसत नाही.

दुसरा दाखला ‘एक देश एक शिधापत्रिका’ या योजनेचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात अशा दोन जोड्यांपासून ती सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश तिच्यात आले. अंगठा लावून कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येऊ लागले, म्हणजे धान्य मिळण्याचे ठिकाण आणि कार्डावरचा पत्ता यांची गाठ सुटली. इष्टांकाचा आणि उत्पन्न मर्यादेचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही, तरी कार्ड हलवण्याची घाई मात्र उरली नाही. पत्त्याची तीन कामे वेगळी केली की ओझे हलके होते, याचा एवढा मोठा पुरावा शासनानेच उभा केला आहे.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप फसवणुकीचा. पुरावे सैल केले तर बोगस मतदार वाढतील, असे म्हटले जाते. परंतु वीज देयक जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगते, तेथे कोण राहते हे सांगत नाही. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० नुसार निकष राहण्याचा आहे. ज्याच्याकडे ठरलेल्या कागदांपैकी एकही नाही त्याच्या बाबतीत मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने जागेवर जाऊन खात्री करावी, अशी तरतूद निवडणूक व्यवस्थेतच आहे. याचा अर्थ कागदापेक्षा प्रत्यक्ष भेट अधिक भरवशाची हे तत्त्व मान्य झालेले आहे. ते अपवादाऐवजी नियम व्हावे, एवढाच प्रश्न उरतो. खोट्या निवेदनासाठी त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहेच. उलट, न बदललेल्या पत्त्यांचा ढीग किती वाढू शकतो हे २०२५ मध्ये बिहारमध्ये दिसले: तेथील विशेष फेरतपासणीनंतरच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली आणि त्यांतील सर्वांत मोठा गट स्थलांतरित झालेल्यांचा किंवा पत्त्यावर न सापडलेल्यांचा होता. नोंद हलवण्याची वाट अरुंद ठेवायची आणि मग एकदम सफाई करायची, या पद्धतीत खरा मतदारही केराबरोबर जातो.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध टोकाचा आहे: सगळे एका क्रमांकाला जोडावे आणि एका ठिकाणी पत्ता बदलला की सर्वत्र आपोआप बदलावा. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून अशी लोकसंख्या नोंदवही आहे आणि घर बदलल्यावर पाच दिवसांत कळवावे लागते. जर्मनीत मुदत दोन आठवड्यांची आहे आणि नवे भाडेकरू राहायला आल्याचा लेखी दाखला देणे घरमालकावर बंधनकारक आहे. ही उदाहरणे आकर्षक आहेत, पण त्यांतून अर्धाच धडा घेतला जातो. तेथे बदल कळवल्याने माणसाचे अन्न तुटत नाही आणि घरमालकाला अंग काढून घेता येत नाही. सोलापुरात आपोआप बदल लागू केला तर बँकेसाठी दिलेला कुंभारीचा पत्ता त्याच क्षणी शिधापत्रिकेचा निकषही बदलेल. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितल्यानंतर, एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला संमतीशिवाय वापरण्याचे समर्थन करणेही कठीण आहे.

तिसरा आक्षेप कर्तव्याचा. नागरिकाने काहीच करायचे नाही का? अवश्य करायचे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ४९ नुसार वाहनमालकाने राहण्याचे ठिकाण बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचे असते, आणि अपघात व दंडाच्या संदर्भात ही अपेक्षा रास्त आहे. पण कर्तव्य एकदा कळवण्याचे असावे. तीच गोष्ट दहा खिडक्यांवर दहा वेळा सिद्ध करणे हे कर्तव्याच्या नावाखाली वसूल केलेले बिनपगारी काम आहे, आणि त्याची किंमत दिवसाच्या मजुरीत मोजणाऱ्यांकडून सर्वांत जास्त घेतली जाते.

७. रचनेकडून अपेक्षा

यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, कामानुसार पुरावा ठरावा. पोहोचण्यासाठी माणसाचा शब्द पुरे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही आधारवरून ओळख पटलेल्या ग्राहकाला सध्याचा वेगळा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. हद्दीसाठी प्रत्यक्ष पडताळणी व्हावी. हमीसाठी पत्त्याऐवजी ओळख आणि व्यवहाराचा इतिहास तपासावा.

दुसरा, ज्या यंत्रणेला स्थलांतर आधीच माहीत आहे तिने ते माणसाच्या संमतीने पुढे कळवावे. रे नगरच्या घराची किल्ली देताना लाभार्थ्याचे नाव, इमारत आणि सदनिका क्रमांक शासनाच्याच यादीत असतो. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी होते तेव्हा दोन्ही पक्षांची ओळख आधारवरून तपासली जाते. ताबा देतानाच्या किंवा करार नोंदवतानाच्या त्याच कागदावर ‘माझा नवा पत्ता पुढील कार्यालयांना कळवावा’ असे रकाने ठेवले आणि त्यांतील हवे तेवढेच निवडण्याची मुभा दिली, तर एक शासन किल्ली देते आणि दुसरे त्याच घराचा पुरावा मागते, ही विसंगती उरणार नाही.

तिसरा, नवा हक्क सुरू होईपर्यंत जुना बंद पडू नये. शहरातील धान्याचा हक्क ग्रामीण इष्टांकात जागा मिळेपर्यंत चालू राहिला पाहिजे, आणि ज्या कुटुंबाला सरकारी योजनेनेच हद्दीबाहेर नेले त्याला किमान काही वर्षे जुन्याच उत्पन्न मर्यादेने मोजले पाहिजे.

हे मान्य केले तर यशाचे मापही बदलावे लागेल. किती नागरिकांनी पत्ता अद्ययावत केला याची टक्केवारी प्रसिद्ध करण्यात आजवर समाधान मानले गेले. त्याऐवजी एका घराचा पुरावा एका माणसाकडून किती वेळा मागितला गेला, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याने मोजावा आणि तो दरवर्षी कमी करून दाखवावा.